मनाची पाटी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात बुरोंडी हे समुद्रकाठचे गाव आहे. ओहोटीच्या वेळी तेथील किनाऱ्यावर एक मुलगा पाण्याच्या कडेकडेने एकटाच धावत आहे आणि जवळच काही मुलांनी खो-खोचा डाव मांडला आहे, अशी कल्पना करा. घाम दोहोंकडे सारखाच गळेल. पण मने सारखीच राबत असतील काय?

आलेली माहिती क्षणभर धरून ठेवायची आणि लागलीच तिचा उपयोग करायचा, हे काम मनाची जी शक्ती करते तिला कार्यस्मृती म्हणतात. तोंडी हिशेब करताना हातचा धरतो, तो हिच्याच बळावर. ही पाटी फार लहान असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली. पुढील संशोधकांनी ती चारांवर आणली.

धावणाऱ्या मुलाची वाट सरळ असते. वेग आणि श्वास सांभाळला, की त्याची पाटी बरीचशी कोरी राहते. खो-खोत तसे नाही. दोन खांबांमधील पाटीवर आठ गडी बसतात. एकाचे तोंड एका बाजूस, तर शेजारच्याचे दुसऱ्या. नववा गडी पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली, की मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू मोकळ्या. तेव्हा पळणाऱ्याने काय काय ध्यानात धरावे? पाठलाग करणारा कोठे आहे, आपल्या बाजूस तोंड करून कोण बसला आहे, खो मिळताच कोण उठेल, आपले दोन सोबती कोठे आहेत! आणि हे सारे क्षणाक्षणाला पुसून नव्याने लिहावे लागते. हुतूतूत चढाई करणाऱ्याचीही हीच गत. त्याच्यासमोर सात गडी असतात आणि हाती अवघे तीस सेकंद.

नवा गडी येथे गोंधळतो, भलत्याच बाजूला उठतो आणि सोबती त्याला वेंधळा ठरवून मोकळे होतात. हा अन्याय आहे. त्याची बुद्धी उणी नसते. पाटी भरलेली असते. मुरलेल्या गड्याची पाटी तरी मोठी असते काय? १८५७१९४७१९६० ही बारा अंकांची रांग एकदा ऐकून म्हणून दाखवणे कठीण आहे. पण तिच्यात उठावाचे, स्वातंत्र्याचे आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे अशी तीन वर्षे ओळखू आली, की बाराच्या तीनच गोष्टी होतात. मुरलेला गडीही आठ बसलेले गडी सुटे पाहत नाही. त्याला एकच आकृती दिसते.

बुद्धिबळात याची परीक्षाही झाली आहे. १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातील मांडणी खेळाडूंना पाच सेकंद दाखविली. निष्णात खेळाडूने ती नवशिक्यापेक्षा पुष्कळच अचूक मांडून दाखविली. मग सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, तेव्हा त्याचे हे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले!

दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला, दोन्ही विजेतेपदे भारताने मिळविली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचेच. अशा खेळाडूंना पाढेही अधिक लवकर पाठ होत असतील, असे कोणास वाटेल. तसे मानण्याची घाई करू नये. निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंच्या कार्यस्मृतीची तुलना अनेकांनी केली आहे; परंतु निष्कर्ष एकमुखी नाहीत. शिवाय खेळाने स्मृती तल्लख झाली, की तल्लख स्मृतीची मुलेच त्या खेळात टिकली, हे नुसत्या तुलनेवरून ठरत नाही. त्यासाठी तीच मुले खेळ शिकण्यापूर्वी आणि शिकल्यानंतर, अशी दोनदा तपासावी लागतात.