‘शेजारी’ या शब्दाची कक्षा : मराठी ख्रिस्ती गद्यातील आचारविचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्या अभ्यासपरंपरेत बहुधा दोन अंगांनी झाला आहे. एक अंग वाङ्मयेतिहासाचे. ‘क्रिस्तपुराण’ (१६१६), ‘ज्ञानोदय’ (१८४२), ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे त्याचे परिचित टप्पे. दुसरे अंग धर्मांतर आणि त्यातून उद्भवलेल्या सामाजिक संघर्षाचे. या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा ख्रिस्ताच्या शिकवणीचा एक मध्यवर्ती विषय आहे. ती शिकवण मराठी घरात आली तेव्हा पाण्याचा माठ, चूल, आजाऱ्याचे अंथरूण आणि दारात उभा राहिलेला परका यांच्या बाबतीत प्रत्यक्षात काय बदलले? ‘शेजारी’ या एका शब्दाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मराठी बायबलमध्ये परस्परप्रेमाची जी मुख्य आज्ञा येते तिच्यात ‘शेजारी’ हाच शब्द योजलेला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जवळचा’ असा होतो. त्यामुळे अनुवाद अचूकच म्हणावा लागेल. तथापि मराठीत हा शब्द रिकामा नव्हता. ‘शेजारधर्म’ ही कल्पना येथे पूर्वीपासून रुजलेली होती. विरजण देणे, बाळंतिणीच्या घरी डबा पोचवणे, मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठले-भात नेणे, हे सारे तिच्यात येते. परंतु या धर्माला आळीची, वाडीची आणि म्हणून जातीची कुंपणे होती. ज्याची वस्तीच गावकुसाबाहेर, तो शेजारी ठरण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट या कुंपणावरच बोट ठेवते. माझा शेजारी कोण, असा प्रश्न एक शास्त्री विचारतो. उत्तरादाखल आलेल्या गोष्टीत जखमी वाटसरूला टाळून याजक आणि लेवी निघून जातात. ज्याच्याशी यहुद्यांचा व्यवहार नाही असा शोमरोनी मात्र थांबतो. गोष्टीच्या शेवटी प्रश्नच फिरवला जातो : जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजार ही वस्तीने ठरणारी स्थिती न राहता कृतीने निर्माण होणारे नाते ठरते. योहानाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट पाण्याच्या संदर्भात येते. विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीकडे येशू पाणी मागतो आणि तिलाच त्याचे आश्चर्य वाटते. ज्या प्रदेशात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेथील वाचकाला या प्रसंगाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

३

या विस्तारित अर्थाचे पहिले लक्षणीय उदाहरण पंडिता रमाबाईंच्या कार्यात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. तेथे येणाऱ्या उच्चवर्णीय विधवांना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. चालिका ख्रिस्ती असतानाही विद्यार्थिनीचे सोवळे सांभाळले जाई. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, या वचनाचा येथे लागलेला अर्थ अवघड आहे. ज्या आचाराचा स्वतः त्याग केला, त्यालाही दुसऱ्यासाठी जागा ठेवणे असा तो आहे. अर्थात ही जागा निर्विवाद राहिली नाही. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसतात, यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. प्रेमाने उघडलेले दार श्रद्धेकडेही नेते काय, आणि नेत असल्यास ते प्रेम निरपेक्ष म्हणावे काय, हा त्या वादातील प्रश्न आजही खोटा ठरलेला नाही. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली व स्त्रिया वाचवून केडगावी आणल्या. तेथील ‘मुक्ती’च्या छापखान्यात स्त्रियांनीच खिळे जुळवले. रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतरही तेथेच छापले गेले.

४

रमाबाईंच्या बाबतीत हा आचार संस्थेच्या पातळीवर दिसतो. तो एका मनाच्या आत कसा घडतो, हे दाखवण्याचे श्रेय लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाकडे जाते. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून क्रमशः आलेले हे लेखन १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. त्याचा आरंभ सोवळ्यापासून व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेल्या फाशीचा धक्का घेऊन लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याच्या त्या अट्टाहासाखाली सारे घर भरडले गेले. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात. पण परक्याच्या स्पर्शाची भीती घरातल्या माणसांनाच कसे परके करते, हे त्या विनोदातून स्पष्ट होते.

नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांचे मतपरिवर्तन कोणाच्या प्रवचनाने झालेले नाही. जातिभेद ईश्वराने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने येतात आणि त्याची पहिली खूण म्हणजे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला. म्हणजे आचारातील बदल आधी आणि संस्कार नंतर, हा क्रम अभ्यासकाने नजरेआड करू नये. यानंतर त्यांच्या घरात अनाथ मुले येतात, आजारी येतात, वाट चुकलेले येतात. त्यांच्याबद्दल लिहिताना करुणेचा मोठा सूर त्या कधी लावत नाहीत. घरात शिधा किती उरला, पतीने विचारल्याशिवाय कोणाला घेऊन आले, त्यावरून भांडण कसे झाले, असा हिशेब त्या देतात. परोपकाराचा खर्च ज्या बाईच्या चुलीवर पडतो तिच्याच तोंडून तो ऐकायला मिळतो. ‘स्मृतिचित्रे’तील नैतिकता म्हणूनच विश्वसनीय वाटते.

टिळकांनी स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले. रमाबाईंच्या वादातून उरलेल्या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर मानता येईल.

५

या परंपरेचे गौरवीकरण करताना तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ख्रिस्ती झाल्याने जात गेली, असे सरसकट घडले नाही. गोव्यात चर्चशी निगडित असलेल्या काही बंधुसंघांचे सभासदत्व जातीवर ठरत आले. मुंबईच्या उपनगरांतही इतिहासाची दुसरी बाजू उभी आहे. बोरीवलीच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी चर्चमध्ये रूपांतर केले. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची शिकवण येथे सत्तेच्या सोबतीने आली, याची ती साक्ष होय.

१७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी जिंकली. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती गावे राहिली. मरोळ, आंबोली, गोराई येथील ख्रिस्ती रहिवासी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागले. घरची बोली मात्र मराठीचीच राहिली. गावठाणांच्या गल्ल्यांतून आजही क्रूस दिसतात. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीत त्यांतील काही उभारले गेले. या वस्त्यांतील शेजार कोळी, आगरी, भंडारी कुटुंबांचा होता आणि तो ग्रंथाने शिकवलेला नसून विहीर, शेत व खाडी यांच्या सामायिक वापरातून आलेला होता.

आता त्या गावठाणांभोवती इमारती आल्या आहेत. अंधेरी-बोरीवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घर विकताना वा भाड्याने देताना आहार, जात, धर्म यांची चौकशी होते, ही बाब वृत्तपत्रांतून वारंवार पुढे आली आहे. भिंतीला भिंत लागून असली तरी पलीकडे कोण असावा, हे आधी ठरवून घ्यायचे, असा हा नवा शेजार आहे. त्या शास्त्र्याचा प्रश्न येथे गृहनिर्माण संस्थेच्या अर्जावर छापला गेला आहे, इतकेच.

याच उपनगरांतील महाविद्यालयांच्या वर्गांत ‘स्मृतिचित्रे’ शिकवले जाते. त्यातील प्रसन्न विनोद आणि घरगुती भाषा यांवर विद्यार्थी उत्तम उत्तरे लिहितात. लक्ष्मीबाईंनी परक्या हातचे पाणी प्यायचे ठरवले, या प्रसंगाशी मात्र अध्यापन थोडे अधिक थांबायला हवे. तेथे मराठीतील ‘शेजारी’ हा शब्द आपली जुनी कक्षा ओलांडतो. आणि विद्यार्थी संध्याकाळी ज्या इमारतीत परततो, तेथे त्या शब्दाचा अर्थ पुन्हा लहान होत असतो.