एका अवयवाचे, सर्वांगाचे

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा होणाऱ्या ऑटोइम्यून आजारांचे आधी दोन गट पाडतात: एका अवयवापुरते आणि सर्वांगाचे. पहिल्या गटात नेम ठरलेला असतो. टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात. 1912 साली जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी वर्णिलेल्या आजारात थायरॉइड मंदावते. ग्रेव्हजच्या आजारात तीच बेफाम होते. कोडही याच गटातले. त्वचेचा रंग जातो, पण डागावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा बधिर असतो. कोड संसर्गाने होत नाही, हे सोयरीक मोडणाऱ्यांना अजून सांगावे लागते.

दुसऱ्या गटात ल्युपस, आमवात, स्क्लेरोडर्मा येतात. अर्नाळ्यापासून कळंबपर्यंतच्या किनाऱ्यावर मासळीच्या बर्फात हात घालून बोटे गारठणे नवे नाही. मात्र बोटांची टोके आधी पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळताच लाल होत असतील, शिवाय कातडी ताठरत असेल, तर बर्फावर खापर फोडून गप्प बसू नये. स्क्लेरोडर्माची सुरुवात बहुधा अशीच होते. पुढे फुप्फुसेही सापडू शकतात. ल्युपसमध्ये मूत्रपिंड काही न दुखता बिघडू शकते, म्हणून लघवीतील प्रथिने तपासत राहावी लागतात.

आमवातात हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळी तासभर तरी आखडलेले राहतात. पुणे जिल्ह्यातील भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर पाहणी केली, तेव्हा प्रौढांत त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. सांधेदुखीच्या तक्रारी त्याहून कितीतरी जास्त होत्या. चिकुनगुनियानंतरची सूजही हुबेहूब आमवातासारखी दिसू शकते.

गटांच्या भिंती पक्क्या नाहीत. आमवाताच्या रुग्णाला थायरॉइडचाही त्रास असू शकतो, तर काहींत दोन सर्वांगी आजारांची लक्षणे मिसळतात.

वर्गीकरणासाठी गुणांचे तक्ते आहेत: आमवाताच्या 2010 च्या तक्त्यात दहापैकी सहा गुण लागतात, ल्युपसच्या 2019 च्या तक्त्यात एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची) चाचणी पॉझिटिव्ह असेल तरच मोजणी सुरू होते आणि दहा गुण लागतात. हे तक्ते मुख्यतः संशोधनासाठी आहेत. निदान रुग्णाला तपासूनच होते. एएनए तर काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. त्या एका कागदावरून स्टिरॉइड सुरू करणे चूक, आणि डॉक्टरांनी सुरू केलेले मनाने एकदम बंद करणे त्याहून धोक्याचे.