अपघातानंतर चालकावर काय उरते?

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा परिसरात, खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तेव्हापासून हिवरा आश्रम परिसरातील वाहनचालक नमाजनंतर थांबून अपघाताविषयी विचारतात. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर एक तरुण चालक म्हणाला, “मौलाना, माझ्या गाडीखाली माणूस गेला. वेग जास्त होता. विम्याचे पैसे त्याच्या घरी पोहोचले. आता माझ्यावर काही उरले का?”

प्रथम त्या क्षणाविषयी. चालकाने थांबावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, जखमीला उपचार मिळवून द्यावेत. सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतीत एक जीव वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे म्हटले आहे; जखमी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तेथे नाही. जमाव अंगावर येईल ही भीती खोटी नव्हे, मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ देखील तिची दखल घेते. परंतु तशा वेळी सरळ पोलीस ठाणे गाठावे. जास्तीत जास्त २४ तासांत माहिती देणे बंधनकारक आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ चे संरक्षण दिले आहे. (कांद्याचा ट्रक उलटला की जखमी चालकाला ओलांडून पोती भरणारे लोकही मी पाहिले आहेत. तो माल परक्याची अमानत आहे, त्याला हात लावणे हराम.)

आता त्या तरुणाचा प्रश्न. चुकीने झालेल्या हत्येचा हुकूम सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत आहे. त्यात दोन वेगळे हक्क आहेत. दियत हा वारसांचा हक्क. ते माफ करू शकतात. विम्याची रक्कम दियतीस कितपत पुरते, हे मुफ्तींना विचारावे. कफ्फारा मात्र अल्लाहचा हक्क आहे. तो विमा कंपनी फेडू शकत नाही, वारसही माफ करू शकत नाहीत. गुलाम मुक्त करणे आज शक्य नसल्याने सलग दोन महिन्यांचे रोजे उरतात. विनाकारण एकही चुकला, तर पुन्हा पहिल्यापासून. मध्ये रमजान, ईद किंवा तश्रीकचे दिवस येणार नाहीत, असा काळ निवडावा.

त्याने मुहर्रमच्या पहिल्या तारखेपासून रोजे धरले आणि सफरअखेर पूर्ण केले. मृताच्या घरी जाण्याचे धैर्य मात्र त्याला अजून झालेले नाही. येत्या जुम्यानंतर मी त्याच्यासोबत जाणार आहे.