आरोग्याचा पाठ : औषधाची चाचणी म्हणजे नेमकं काय?



गेल्या दोन-तीन महिन्यांत गटांच्या बैठकांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. "ताई, मोठ्या दवाखान्यात आपल्यावर प्रयोग करतात का हो?" कुणाच्या नणंदेला मेडिकल कॉलेजात एका फॉर्मवर सही करायला सांगितलं होतं, तर कुणी मोबाईलवरचा व्हिडिओ बघून घाबरलं होतं. याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही, म्हणून या वेळचा पाठ त्यावरच घेतला आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा.

आधी शब्द समजून घेऊ. चाचणी म्हटलं की आपल्याला रक्त-लघवीची तपासणी आठवते. इथे चाचणी आपली नसते, औषधाची असते. एखादं औषध, लस किंवा उपचाराची पद्धत खरंच गुण देते का, आणि त्याने काही अपाय तर होत नाही ना, हे माणसांच्या मदतीने, ठरलेल्या नियमांनी तपासून बघायचं. डॉक्टर याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. अशा चाचण्या औषध कंपन्या करतात आणि विद्यापीठंही करतात. कंपनीला बहुतेक वेळा नव्या, चांगल्या भावाने विकल्या जाणाऱ्या औषधात रस असतो. जुन्या, स्वस्त औषधाचा नवा उपयोग शोधून तिच्या हाती फारसं काही लागत नाही. ते काम मग विद्यापीठांकडे येतं.

अशाच एका चाचणीची गोष्ट सांगते. ती मुद्दाम निवडली, कारण ती बाळंतपणाची आहे.

जपानमध्ये उताको ओकामोतो नावाच्या एक डॉक्टर होत्या. दुसरं महायुद्ध संपलेलं, देश पार मोडलेला, प्रयोगशाळेत साहित्य नाही. त्यांनी आणि त्यांचे पती शोसुके यांनी रक्तावर संशोधन करायचं ठरवलं. कारण काय, तर साहित्य कमी पडलं तर निदान स्वतःचं रक्त तरी वापरता येईल! मुलगी तान्ही होती, तिला सांभाळायला कुणी नव्हतं. म्हणून तिला पाठीशी बांधून बाई प्रयोगशाळेत काम करायच्या. (शेतात झोळी बांधून खुरपणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटायचं नाही.) १९६२ मध्ये या दोघांनी ट्रानेक्सामिक ॲसिड हे औषध जगापुढे मांडलं. जखमेवर रक्ताची जी गुठळी धरते ती लवकर विरघळू नये, एवढंच त्याचं काम. पाळीत जास्त अंगावरून जातं तेव्हा डॉक्टर याच औषधाच्या गोळ्या देतात, तुमच्यापैकी काहींनी त्या घेतल्याही असतील.

बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही तेव्हाही हे औषध उपयोगी पडेल, असं उताकोबाईंना फार वाटायचं. पण तिथल्या डॉक्टरांनी ते तपासून बघण्यात रस दाखवला नाही. त्यात जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

२०१० मध्ये लंडन विद्यापीठातल्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेने हे काम हाती घेतलं. चाचणीचं नाव ‘वूमन’, म्हणजे बाई. २१ देश, १९३ दवाखाने आणि बाळंतपणानंतर जास्त रक्त जाणाऱ्या २०,०६० बायका. सहा वर्षं काम चाललं. पैसा इंग्लंडचं आरोग्य खातं, वेलकम ट्रस्ट आणि गेट्स फाउंडेशन यांनी दिला, सुरुवातीचं औषध फायझर कंपनीने पुरवलं. पैसा कुणाचा आहे हे चाचणीत उघड सांगावं लागतं, म्हणून मीही सांगितलं.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. या वीस हजार बायकांपैकी निम्म्यांनाच औषध मिळालं. उरलेल्या निम्म्यांना तसंच दिसणारं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन, म्हणजे साधं सलाइन मिळालं. बाकीचे नेहमीचे सगळे उपचार दोन्हीकडे चालूच होते. मी हे पहिल्यांदा एका गटात सांगितलं तेव्हा एक काकू चिडल्याच. "मरायला टेकलेल्या बाईला मिठाचं पाणी?"

राग बरोबर आहे. पण तेव्हा हे औषध बाळंतिणीला तारतं की मारतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. गुठळी टिकवणारं औषध पायात किंवा फुप्फुसात नको तिथे गुठळी करेल, ही भीती होती. तसं झालं असतं तर औषध न मिळालेल्या बायका सुदैवी ठरल्या असत्या. दोन्हीकडचं पारडं खरोखर सारखं असतं तेव्हाच अशी वाटणी करायला परवानगी मिळते. एक उपचार चांगला आहे हे आधीच ठाऊक असताना निम्म्या बायकांना तो नाकारला, तर ती चाचणी नव्हे, तो गुन्हा.

मग कुणाला काय द्यायचं हे ठरवायचं कसं? आपल्या भिशीसारखं. भिशीत चिठ्ठी निघते तेव्हा अध्यक्षबाईंची जाऊ आहे म्हणून तिचं नाव आधी येत नाही. इथेही तसंच. सारख्या दिसणाऱ्या, नुसते नंबर टाकलेल्या पेट्या होत्या. आत औषध आहे की मिठाचं पाणी, हे ना बाईला माहीत, ना देणाऱ्या डॉक्टरला. डॉक्टरच्या हातात निवड ठेवली तर तो दया येऊन जास्त आजारी बाईला औषध देईल, किंवा धडधाकट बाईला देऊन औषधाचं नाव मोठं करेल. दोन्हीत खरं काय ते कळणार नाही.

निकाल २०१७ मध्ये आला. मिठाचं पाणी मिळालेल्यांपैकी १.९ टक्के बायका रक्त जाऊन दगावल्या, औषध मिळालेल्यांपैकी १.५ टक्के. म्हणजे हजारात १९ ऐवजी १५. फरक छोटा वाटतो ना? एका दवाखान्यात, एका तालुक्यात तो डोळ्यांना दिसलाच नसता. "माझ्या सुनेला दिलं आणि ती वाचली" एवढ्यावरून औषध चांगलं की वाईट हे ठरत नाही, कारण दर हजारी ९८० च्या वर बायका औषधाशिवायही वाचत होत्या. म्हणून वीस हजार जणी लागल्या.

आणखी एक गोष्ट निघाली, ती मात्र लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध मिळालं त्यांच्यात मृत्यू हजारात १७ वरून १२ वर आले. तीन तासांनंतर दिलं तर फायदा दिसला नाही. गर्भपिशवी काढायची वेळ येण्याचं प्रमाणही औषधाने कमी झालं नाही, तेही त्यांनी लपवलं नाही. नको तिथे गुठळ्या होतील ही भीती खरी ठरली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने तीन तासांच्या आत हे औषध द्यावं अशी शिफारस केली. तेव्हा बाळंतिणीचं कापडावर कापड भिजत असेल तर "थोडं जातंच" म्हणून वाट बघू नका, १०८ ला फोन करा. उताकोबाई मात्र हा निकाल ऐकायला नव्हत्या. आदल्याच वर्षी, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

चाचणी नेहमी ‘हो’च म्हणते असं नाही. याच संस्थेने पुढे पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया या देशांत अंगात रक्त कमी असलेल्या १५ हजारांवर बायकांची दुसरी चाचणी केली. रक्त जायला लागण्याआधीच औषध दिलं तर? २०२३ मध्ये उत्तर आलं : उपयोग नाही, दोन्ही गटांत रक्तस्राव जवळपास सारखाच. मला विचाराल तर हे ‘नाही’सुद्धा तितकंच मोलाचं आहे. नाहीतर आपल्याकडे हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या पोरींना हे इंजेक्शन उगाच टोचलं गेलं असतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. इथे चिठ्ठी बाईच्या नावाची नव्हती, गावांच्या गटाची होती. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या गटातल्या गावांत तपासणी नेली नाही. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारख्याच आकाराचे होते. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला आपल्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे कळलं.

आणि त्या ६४ जणी? यावर पुढे जाणकारांमध्ये बरेच वाद झाले. एक बाजू म्हणते, आपल्या खेड्यांत तेव्हा अशी तपासणी कुठेच मिळत नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. दुसरी बाजू म्हणते, तपासणीचा उपयोग होतो हे बाहेरच्या देशांत दिसलं होतं, मग एवढ्या बायकांना तसंच का ठेवलं? मला दुसऱ्या बाजूचा प्रश्न जास्त टोचतो. तुमचं मत वेगळं असू शकतं, बैठकीत जरूर बोला. पण त्यातून आपल्यासाठी एक प्रश्न पक्का निघतो. कुणी चाचणीसाठी विचारलं तर पहिलं हेच विचारायचं : ज्या गटाला नवीन औषध मिळणार नाही, त्यांना काय मिळणार?

बाकीचं सहीबद्दल. कर्जाच्या फॉर्मवर "इथे, इथे आणि इथे" म्हणत सही घेतात तशी इथे चालत नाही. आपल्या देशात २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्या चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार सगळं सांगताना हजर पाहिजे, नुसता शेवटी अंगठ्याच्या वेळी नाही. गटाच्या कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो, इथे ती सोय नाही. तुम्ही शुद्धीवर आणि समजत्या असताना नवऱ्याने, सासूने, आशाताईने किंवा माझ्यासारख्या कार्यकर्तीने तुमच्या वतीने ‘हो’ म्हणून चालत नाही. ‘वूमन’ चाचणीत रक्त जाऊन ग्लानीत असलेल्या बायकांसाठी वेगळी वाट काढावी लागली होती. तिथे आधी नातेवाइकाला विचारलं जायचं. कुणीच नसेल, तर नीती समितीने मान्य केलेल्या नियमाप्रमाणे उपचार सुरू करून नंतर सांगायचं. पण ती जीव जाण्याच्या वेळेची सोय आहे, ओपीडीतल्या रांगेची नाही.

नाही म्हणालात तर नेहमीचा उपचार बंद होत नाही. आज हो म्हणून दोन महिन्यांनी मन बदललं तरी कारण न देता बाहेर पडता येतं. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट मिळतात आणि नुकसानभरपाईचा हक्क असतो. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी देतात, ते योग्यच आहे. पण कुणी भरपूर पैशाचं आमिष दाखवत असेल तर जरा थांबा.

औषधाच्या प्रत्येक चाचणीची भारताच्या सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिली व्यक्ती घेण्याआधी नोंद करावी लागते. तो नंबर मागून घ्या. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाईलवर तो टाकून बघता येतो, कुणालाही खुला आहे. फॉर्म घरी न्यायचा आहे, चार जणींना विचारायचं आहे, असं सांगायला लाजू नका. सही केल्यावर त्याची एक प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. त्यावर चाचणीच्या डॉक्टरांचा आणि नीती समितीचा फोन नंबर असतो. ती प्रत रेशनकार्ड आणि बँक पासबुकाच्या पिशवीत ठेवा, आणि कुठे ठेवली ते घरात एकाला तरी सांगून ठेवा.