प्लमच्या वाइनसाठी यीस्ट: निवडायचं कसं, जागवायचं कसं

ऑगस्टअखेर इंग्लंडात व्हिक्टोरिया प्लम इतके येतात की शेजारी पिशव्या भरून दारात ठेवून जातात. जॅम करून किती करणार? तिथे घरापुरती वाइन करायला मुभा आहे, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा ही कृती तिकडच्या मराठी घरांसाठी.

साहित्य (साधारण साडेचार लिटरसाठी): पिकलेले प्लम दोन किलो, साखर, पाणी, कॅम्पडनची एक गोळी, पेक्टिक एन्झाइम, यीस्टचं अन्न (डायअमोनियम फॉस्फेट), वाइन-यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट, हायड्रोमीटर, थर्मामीटर.

आधी यीस्ट ठरवा. दुकानात बहुतेकजण ‘किती टक्के दारू झेपते’ हा आकडा पाहून ईसी-१११८ उचलतात. ते १८ टक्क्यांपर्यंत टिकतं, १० अंशांच्या गार खोलीतही चालतं, क्वचितच दगा देतं. पण आपल्याला हवेत बारा टक्के. उरलेली ताकद काय कामाची? शिवाय त्याने वाइन खडखडीत कोरडी होते आणि फळाचा वास मागे पडतो. प्लमचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा. ७१बी हे यीस्ट त्यातलं काही आम्ल स्वतःच खाऊन टाकतं, त्यामुळे वाइन मऊ लागते आणि फळाचा गंध राहतो. त्याची मर्यादा सुमारे १४ टक्के, म्हणजे पुरेशी. अट एकच: खोली १५ अंशांच्या खाली जाता कामा नये. न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर ईसी-१११८च बरं. पावाचं यीस्ट नको. त्याचा गाळ घट्ट बसत नाही आणि जरा धक्का लागला की पुन्हा वर येतो.

प्लम धुवा, बिया काढा, बादलीत कुस्करा. शिजवू नका, शिजवल्याने सुटणाऱ्या पेक्टिनमुळे वाइन गढूळ राहते. पाणी आणि चुरलेली कॅम्पडनची गोळी घालून झाका. सालीवरचे रानटी यीस्ट आणि जंतू यामुळे दबतात. बारा तासांनी एन्झाइम घाला. आणखी बारा तासांनी साखर विरघळवत हायड्रोमीटर १.०८५ ते १.०९० दाखवेपर्यंत न्या. गोळी घातल्यापासून २४ तास झाल्याशिवाय यीस्ट घालायचं नाही.

आता यीस्ट जागवायचं. पाकिटावरची तारीख पाहा. उकळून निववलेलं ५० मिलि नळाचं पाणी एका वाटीत ४० अंशांवर आणा. इथे बोट बुडवून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर वापरा. या पाण्यात साखर, रस, फॉस्फेट काहीही नको. वाळलेल्या पेशी पाणी शोषतात त्या पहिल्या काही मिनिटांत त्यांची आवरणं धड नसतात. गोड किंवा खारट द्रावात त्या मरतात. यीस्ट वर भुरभुरवा आणि १५ मिनिटं सोडा. मग हलकेच ढवळा.

पाण्यातलं यीस्ट थेट गार बादलीत ओतलं तर तापमानाच्या धक्क्याने पेशी मरतात. म्हणून बादलीतला थोडा थोडा रस त्या वाटीत दर पाच मिनिटांनी घालत राहा. वाटी आणि बादली यांच्या तापमानातला फरक १० अंशांच्या आत आला की ओता. यीस्ट पाण्यात घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास हे सगळं उरकायला हवं. नुसत्या पाण्यात यीस्ट फार वेळ उपाशी ठेवू नये.

बादलीवर कापड बांधा, घट्ट झाकण नको. सुरुवातीला यीस्टला वाढण्यासाठी हवा लागते. एक-दोन दिवसांत साली वर येऊन टोपी धरतात. ती दिवसातून दोनदा खाली दाबा. फेस दिसू लागला की फॉस्फेट पाकिटावरच्या मापाने अर्धं घाला, उरलेलं साखर एक तृतीयांश उतरल्यावर. सडक्या अंड्यासारखा वास आला तर बहुतेकदा यीस्टला नायट्रोजन कमी पडतोय. तेव्हा राखून ठेवलेलं अन्न द्या आणि जोरात ढवळा.

फेसावर मात्र फार विसंबू नका. कधी तो दिसतच नाही, तरी काम चालू असतं. खात्री हायड्रोमीटरनेच करायची. ४८ तासांनंतरही आकडा हलला नसेल तर आधी बादली २० अंशांच्या उबेला न्या. तरीही ढिम्म, तर नवं पाकीट आणून जागवण्याची कृती पहिल्यापासून करा. बादलीतल्या रसाला अजून काही झालेलं नसतं.