हापूसची वाट अडली म्हणजे

चौदा आणे तयार झालेला हापूस झाडावरून उतरला की त्याचे दिवस मोजके राहतात, हे रत्नागिरीच्या बागाईतदारांस निराळे सांगावयास नको. भाव पडला तर भात कणगीत थांबते, सुपारी थांबते. आंबा थांबत नाही. म्हणून मालाची वाट बंद पडण्याचा धोका इतर कोणाहीपेक्षा आपणांस अधिक.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. वाशीचा घाऊक बाजारही मध्यंतरी काही काळ बंद ठेवावा लागला. ज्यांचा सर्व माल एकाच दलालाकडे जावयाचा, त्यांस दुसरे गिऱ्हाईकच ठाऊक नव्हते. उलट मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांशी ज्यांनी संधान बांधले, त्यांच्या पेट्या थेट घरोघरी गेल्या.

वाट केवळ रस्त्यावरच अडते असे नव्हे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली, तेव्हा ती फळाच्या पोटात अडली होती, कारण फळमाशी. तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी ही बंदी उठली. बागेत वेळेवर लावलेला फळमाशीचा सापळा हादेखील बाजाराची वाट राखण्याचाच उपाय होय.

मोठे कारखानदार याविषयी काय करतात? जपानातील टोयोटा कंपनी सुटे भाग लागतील तेव्हाच मागविण्याबद्दल प्रसिद्ध. परंतु २०११ च्या भूकंपात पुरवठा तुटल्यावर तिने पुरवठादारांस काही महिने पुरेल इतका इलेक्ट्रॉनिक चिपांचा साठा ठेवावयास लावले. दहा वर्षांनी जगभर चिपांची टंचाई पडली, तेव्हा आरंभी तिला इतरांहून कमी झळ लागली. आपणांस फळाचा साठा करणे शक्य नाही. डबाबंद रसाचा मात्र करता येतो. तथापि तोही सर्वस्वी भरवशाचा नव्हे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले आणि बागांतून आंब्याचा सडा पडला. असे फळ पेटीत भरता येत नाही. त्यातील धड असेल तेवढेच, आणि तेही त्वरित कारखान्यात पोचले तर, रसाच्या कामी येते. त्यासाठी कारखान्याशी बोलणे आधी झालेले असावे लागते.

दुसरी वाट फुकट मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. थेट विक्रीत प्रतवारी स्वतः करावी लागते, डागी फळाची भरपाई द्यावी लागते, वसुलीमागे धावावे लागते. शिवाय दलालाची उचल ही फवारणीच्या वेळी खरोखरच उपयोगी पडते. ती घेणाऱ्यास दोष देणे आम्हांस रास्त वाटत नाही. मात्र उचल घेतानाच चौथा हिस्सा माल स्वतःच्या इच्छेने विकण्याची मोकळीक मागून घ्यावी. जुने गिऱ्हाईक सहसा नाही म्हणत नाही. हे बोलणे मोहोर येण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास उरकावे. एप्रिलात पेट्या भरून ओटीवर आल्यावर बागाईतदाराच्या शब्दास वजन उरत नाही.