ब्लूबेरीला गोडी छाटणी चालत नाही

प्रश्न : माझं माहेर निफाडचं. घरी द्राक्षबाग, त्यामुळे छाटणी बघतच वाढले. आता न्यू जर्सीत एडिसनला राहते. डेकवर दोन कुंड्यांत ब्लूबेरी लावली आहे. दर ऑक्टोबरात शेंडे छाटते. पाला भरपूर येतो, फळ मात्र मूठभरही नाही. यंदा पानंही पिवळी पडली आहेत. काय चुकतंय? यातलं एक रोप भावाला गावी नेऊन देता येईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमचा हात द्राक्षाला सरावलेला आहे, घोटाळा तिथेच आहे. गोडी छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीत, आपण काडीचा शेंडा बेलाशक उडवतो, कारण घडाचे डोळे मागे काडीवर शिल्लक असतात. ब्लूबेरीचे फुलांचे डोळे त्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडेच धरतात आणि उन्हाळा सरता सरता तयार होतात. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही पुढच्या वर्षीचं फळच कापून टाकता!

फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, झाड झोपेत असतानाच, जवळ बसून काडी नीट बघा. शेंड्याकडचे गुबगुबीत डोळे फुलांचे. खालचे बारीक, टोकदार, काडीला चिकटलेले असतात ते पानांचे. एका गुबगुबीत डोळ्यातून पाच ते दहा फुलं निघतात, तेव्हा त्यांना हात लावू नका. काप घ्यायचा तो बुंध्याशी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीलगत लोळणाऱ्या काड्या आधी काढा. मग करड्या पडलेल्या, साल सुटलेल्या जुन्या फांद्यांपैकी दरवर्षी एक-दोन मुळापासून काढा. सहा वर्षांपुढची फांदी नुसती जागा अडवते. तिच्या जागी तळातून नवी फूट येऊ द्या. रोप लावून दोनच वर्षं झाली असतील तर फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण मुळं धरायला तेवढी सवड लागते.

पिवळ्या पानांच्या शिरा हिरव्याच असतील तर ती लोहाची कमतरता समजा. लोह बहुधा मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची आम्लधर्मी माती लागते. क्षारयुक्त नळाचं पाणी घालत राहिलं की कुंडीतला सामू हळूहळू वर चढतो. पावसाचं पाणी साठवून घाला. चाळीसेक लिटरची कुंडी, पीट मॉस आणि पाइनच्या सालीचा चुरा, आणि खत अझेलियाचं. राख आणि अंड्याची टरफलं या आपल्या लाडक्या वस्तू इथे कटाक्षाने टाळा, दोन्ही सामू वाढवतात. दोन कुंड्यांत दोन वेगळ्या जाती असल्या तर फळ मोठं धरतं.

ही आम्लाची गोष्ट उमगली ती फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाला. त्याने आणि एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी तुमच्याच राज्यात, व्हाइट्सबॉगला, रानातली झुडपं निवडून लागवड केली. त्या लागवडीचं पहिलं फळ १९१६ मध्ये बाजारात गेलं. बाई गावकऱ्यांना मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला पैसे देत. या झाडाच्या माहेरीच तुम्ही राहता, आणि तिथली थंडी त्याला लागतेच, म्हणून थंडीत कुंडी उबदार घरात नेऊ नका. गोणपाटात गुंडाळून भिंतीच्या आडोशाला ठेवा.

आता भावाचं. तुमच्याकडच्या जातींना साधारण ८०० ते १००० तास सात अंशांखालची थंडी लागते. निफाडचा पारा एखाद्या पहाटे घसरतो खरा, पण तेवढे तास भरत नाहीत. तिकडे मिस्टी किंवा बिलॉक्सी अशी कमी थंडीची जात लावावी. आणि बॅगेतून रोप नेऊ नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर ते विमानतळावरच जप्त होईल. भावाला तिथल्याच रोपवाटिकेत चौकशी करायला सांगा.